घरीच गाडीच्या पत्र्याला रंग मारताय? रंगाला तडे का जातात आणि ते कसे टाळायचे, जाणून घ्या

बोनेटवर ओरखडा पडला, दरवाजाचा पत्रा खालून गंजला की गॅरेजला गाडी लावण्यापेक्षा घरीच रंग मारून घेण्याकडे अनेकांचा कल असतो. स्प्रेचे डबे आणि छोटे कॉम्प्रेसर आता तालुक्याच्या बाजारातही मिळतात. रंग मारल्या मारल्या पत्रा चकचकीत दिसतो, पण काही आठवड्यांत त्यावर बारीक भेगा दिसू लागतात. मग केलेला खर्च तर पाण्यात जातोच, शिवाय भेगेतून पाणी आत शिरून पत्रा पुन्हा गंजू लागतो.

तडा वर दिसतो, कारण खाली असतं

रंगात थिनर असतो. तो उडून गेला की थर आकसतो. खालचा थर ओला असतानाच त्यावर दुसरा जाड हात मारला, तर वरचा थर आधी कडक होतो आणि खालचा नंतर आकसत राहतो. या ओढाताणीत वरचा रंग फाटतो. म्हणून तडे टाळायचे तर वरच्या रंगापेक्षा खालच्या थरांकडे जास्त लक्ष द्यावं लागतं.

नेहमी आढळणारी कारणं अशी:

- रंगाचे जाड हात, तेही घाईघाईने एकावर एक
- लांबी फार जाड भरणे किंवा तिच्यात हार्डनर जास्त टाकणे
- जुन्या तडकलेल्या रंगावरच नवा रंग मारणे
- एकमेकांशी न जुळणारे रंग आणि प्रायमर वापरणे
- तापलेल्या पत्र्यावर, भर उन्हात रंग मारणे

आधी जुना रंग ओळखा

पांढरी चिंधी एनसी थिनरमध्ये भिजवा आणि न दिसणाऱ्या कोपऱ्यात अर्धा मिनिट दाबून धरा.

- चिंधीला रंग लागला, पत्रा चिकट झाला: तो बहुधा एनसी रंग आहे. हार्डनरचा पीयू रंग त्यावर थेट मारू नका. जुना रंग खरवडून काढलेला बरा.
- रंग सुरकुतला, फुगला: तो ऑइल पेंट किंवा नीट न मुरलेला रंग आहे. तोही काढावाच लागेल.
- काहीच झालं नाही: कंपनीचा किंवा पीयू रंग आहे. घासून त्यावर काम करता येतं.

हार्डवेअरच्या दुकानातला गेट-खिडक्यांचा रेड ऑक्साइड गाडीला वापरू नका. वरून एनसी थिनरचा रंग पडला की तो खालून उचलतो.

काम करायची पद्धत

1. धुणे: साबणाच्या पाण्याने पत्रा धुवून पूर्ण वाळवा. पेट्रोल-डिझेलने पुसू नका, त्याचा तेलकटपणा मागे राहतो. ग्रीस काढायचं सॉल्व्हंट वापरा.

2. घासणे: गंज आणि सुटलेला रंग 80 नंबरच्या पेपरने पूर्ण काढा. जुन्या रंगाची कडा बोटाला लागणार नाही इतकी उतरती करा. कडा राहिली तर पुढे तिथेच रेघ उमटते.

3. लांबी: खड्डा आधी ठोकून जमेल तितका वर काढा, म्हणजे लांबी कमी लागेल. थर 2-3 मिलिमीटरच्या वर नको. 100 ग्रॅम लांबीला साधारण 2 ग्रॅम हार्डनर पुरतो. लवकर वाळावी म्हणून जास्त टाकू नका. लांबी कोरडीच घासा, ती पाणी पिते. तेच पाणी नंतर फोड आणतं.

4. प्रायमर: उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर, मग सरफेसर. पूर्ण वाळल्यावर 400 ते 600 नंबरच्या पेपरने घासा.

5. रंग: पहिला हात अगदी हलका, खालचा प्रायमर थोडा दिसला तरी चालेल. मग दोन-तीन पातळ हात. प्रत्येक हातानंतर ओली चमक जाऊन पृष्ठभाग मंद दिसेपर्यंत थांबा, साधारण 10 ते 15 मिनिटं. थंडीत जास्त वेळ लागतो. स्प्रेचा डबा 20-25 सेंटिमीटर लांब धरा आणि हात सतत चालता ठेवा.

प्रायमर, रंग, थिनर, हार्डनर आणि क्लिअर शक्यतो एकाच कंपनीचे घ्या. हार्डनरचं प्रमाण डब्यावर असतं तेच मोजून घाला, अंदाजाने नको. दुसरा हात किती वेळात मारायचा हेही डब्यावर असतं. प्लास्टिकचा बंपर लवचिक असतो. त्याला प्लास्टिक प्रायमर आणि लवचिकपणा देणारं मिश्रण लागतं, नाहीतर पहिल्या धक्क्यातच तडा जातो.

वेळ कोणती निवडावी?

पत्र्यावर हात ठेवा. चटका बसत असेल तर थांबा. उन्हाळ्यात सकाळी लवकर, हिवाळ्यात दहानंतर, तेही सावलीत काम करा. पावसाळी दमट हवेत एनसी रंग पांढुरका पडतो, म्हणून ते दिवस टाळा. रंगानंतर आठवडाभर गाडी शाम्पूने धुऊ नका, पॉलिशही नको.

जिवाशी खेळ नको

पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. त्याचा फवारा श्वासात गेला तर कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल किंवा साधा मास्क बांधून तो अडत नाही. त्यामुळे धुणं, घासणं, लांबी घरी करा आणि हार्डनरचे प्रायमर, रंग, क्लिअर मात्र योग्य मास्क आणि हवेची सोय असलेल्या गॅरेजमधून मारून घ्या. यातही मजुरीचे बरेच पैसे वाचतात. घरी साधा स्प्रेचा डबा वापरतानाही जागा मोकळी हवी. चूल, बिडी, वेल्डिंग जवळ नको. लहान मुलं आणि जनावरं लांब ठेवा.

तडे गेलेच असतील तर?

वरून आणखी एक हात मारून भेग बुजत नाही, थोड्या दिवसांत ती पुन्हा वर येते. भेग संपून घट्ट थर लागेपर्यंत घासा, गरज पडली तर पत्र्यापर्यंत जा आणि प्रायमरपासून पुन्हा सुरुवात करा.

लक्षात ठेवा: एखादा भाग त्याच रंगात रंगवला तर अडचण नाही. पण पूर्ण गाडीचा रंग बदलायचा असेल तर आरसीवर तशी नोंद आरटीओकडून करून घ्यावी लागते.