दोन हंगामांत आटोपलेली लीग

आठवतंय का मंडळी? जुलै २०१६, रोनाल्डिन्हो गोव्याकडून खेळला होता! प्रीमियर फुटसाल, म्हणजे पाच-पाच खेळाडूंचा इनडोअर फुटबॉल. सहा संघ, सामने चेन्नई आणि गोव्यात. फिगो अध्यक्ष, जाहिरातीत विराट कोहली. बंगळुरूविरुद्ध रोनाल्डिन्होने एकट्याने पाच गोल ठोकले आणि स्पर्धा अर्ध्यावर सोडून गेला. फायनलमध्ये मुंबईने कोचीला पेनल्टीवर हरवलं.

पण अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची मान्यताच नव्हती. २०१७ ला दुसरा हंगाम झाला, मग खेळ खल्लास. महासंघाची स्वतःची फुटसाल क्लब स्पर्धा उगवली थेट २०२१ ला. मधली चार वर्षं आपल्या पोरांनी खेळायचं कुठं? मोठी नावं आणून खेळ रुजत नाही. आधी तालुक्याला छपराखालचं एक मैदान द्या.