बाग आणि बारव : करमाळा ते ओकायामा

१/
पुण्यातील सिंहगड रस्त्यावर सुमारे १० एकरांचे पु. ल. देशपांडे उद्यान आहे. करमाळ्याहून पहाटे निघालेल्या प्रवाशाला निवांत फिरून रात्री घरी परतता येते. जपानमधील ओकायामा शहराशी असलेल्या मैत्रीचे हे प्रतीक. जपानवर ‘पूर्वरंग’मध्ये लिहिणाऱ्या पु. लं.चे नाव त्यास शोभून दिसते.

२/
या उद्यानाचा आदर्श आहे ओकायामाचे कोराकुएन. त्याचे काम सरदार इकेदा त्सुनामासाने १६८७ मध्ये सुरू केले. देखरेख त्सुदा नागातादाकडे होती. १७०० मध्ये बाग पूर्ण झाली.

३/
हीच वर्षे महाराष्ट्राच्या वाट्याला कशी आली? १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांची हत्या झाली. १६९५ ते १६९९ औरंगजेबाची छावणी भीमाकाठी ब्रह्मपुरीस, म्हणजे आजच्या सोलापूर जिल्ह्यातच होती. कोराकुएन पूर्ण झाले त्याच १७०० साली छत्रपती राजाराम महाराजांचे सिंहगडावर निधन झाले.

४/
असा हिरवा नकाशा साकारायला तेरा वर्षे सलग स्वस्थता लागते. जपानमध्ये १६३८ नंतर मोठे युद्ध झाले नव्हते. इथे त्याच काळात शेतकऱ्याला पुढच्या सुगीची शाश्वती नव्हती. बाग ही संपत्तीपेक्षाही शांततेची खूण असते.

५/
कोराकुएनमध्ये तळे, टेकडी आणि विस्तीर्ण हिरवळीबरोबर भातखाचरे व चहाचा मळाही आहे. एका मंडपाच्या मधूनच ओढा वाहतो. नदीपलीकडचा किल्ला आणि दूरचे डोंगर बागेच्याच चित्रात सामावून घेतले आहेत. जपानी उद्यानकलेत यास ‘उसने दृश्य’ म्हणतात. पुण्याच्या उद्यानातही कालव्याचे पाणी नैसर्गिक उतारानेच खेळवले आहे.

६/
आता करमाळ्याकडे. रंभाजी निंबाळकर ऊर्फ राव रंभा हा निजामाच्या पदरचा मराठा सरदार. त्याची जहागीर पुणे प्रांतात होती. पहिल्या बाजीरावाच्या काळात पुण्याच्या बदल्यात त्याला करमाळ्याकडील मुलूख मिळाला. पुणे आणि करमाळा यांचे नाते असे जुन्या अदलाबदलीचे आहे.

७/
निंबाळकरांनी करमाळ्यात भुईकोट आणि कमलाभवानीचे मंदिर उभारले. मंदिराच्या परिसरातील बारवेला ९६ पायऱ्या असल्याचे सांगतात. कोराकुएनमध्ये पाणी पाहण्यासाठी खेळवले; इथे पाण्यापर्यंत पोहोचण्यासाठी दगडी वाट बांधली. अवर्षणाच्या मुलखात सौंदर्यालाही खोल उतरावे लागते.

८/
कोराकुएन मुळात सरदाराचे. ठरावीक दिवशी प्रजेला प्रवेश असे, एरवी नाही. राज्यकर्त्याने चिंता आधी वाहावी आणि सुख प्रजेच्या मागून भोगावे, या चिनी विचारावरून १८७१ मध्ये त्याचे आजचे नाव पडले. १८८४ मध्ये बाग प्रांत सरकारकडे गेली आणि सर्वांसाठी खुली झाली. नावातील वचन अशा रीतीने खरे ठरले.

९/
१९३४ च्या पुराने बाग उद्ध्वस्त झाली आणि १९४५ च्या बॉम्बवर्षावात पुन्हा होरपळली. तरीही ती जुन्या रूपात परत उभी राहिली, कारण सरदारांच्या काळातील चित्रे आणि नोंदी जपलेल्या होत्या. कोणती इमारत कोठे होती, तळ्याचा काठ कसा वळत होता, हे कागद सांगू शकत होते.

१०/
वास्तू दगडाने टिकते, पण पडल्यावर ती उभी राहते नोंदीने. करमाळ्याच्या भुईकोटाचे बुरूज, मंदिराचे खांब, बारवेची प्रत्येक पायरी यांची मापे आणि रेखाचित्रे आज केली, तर उद्याच्या दुरुस्तीला अंदाजावर विसंबावे लागणार नाही. पुण्याच्या त्या तळ्याकाठी घटकाभर बसून परतणाऱ्या तरुणाने दुसऱ्या दिवशी टेप आणि वही घेऊन बारवेत उतरावे. सहलीचे सार्थक त्यात आहे.