उड्डाणपूर्व कॉकपिटमधील व्यत्ययांचे नियंत्रण

उड्डाणाच्या तयारीत वैमानिकांचे लक्ष विचलित होऊ नये आणि झालेच तर खंडित काम अपुरे राहू नये, यासाठी विमानवाहतुकीत काही नियम व कार्यपद्धती पाळल्या जातात. त्यांना एकत्रितपणे उड्डाणपूर्व व्यत्यय नियंत्रण म्हणता येते. हा विषय विमानसुरक्षेतील ‘मानवी घटक’ या शाखेत मोडतो.

स्वरूप

उड्डाणापूर्वी कॉकपिटमध्ये इंधन, भार, हवामान व मार्ग यांची तपासणी चालू असते. त्याच वेळी तंत्रज्ञ, केबिन कर्मचारी आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांचे निरोप येत असतात. अशा निरोपामुळे काम मध्येच थांबले, तर ते कोठे थांबले होते याचे विस्मरण होऊ शकते. रोजच्या सवयीमुळे न केलेले कामही केल्याचा भास होतो.

प्रमुख अपघात

१६ ऑगस्ट १९८७ रोजी अमेरिकेतील डेट्रॉइट येथे नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे उड्डाण क्र. २५५ जमीन सोडताच कोसळले. विमानातील १५४ आणि जमिनीवरील २ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. चार वर्षांची एक मुलगी तेवढी वाचली. धावपट्टी ऐनवेळी बदलली होती आणि तिकडे जाताना वैमानिकांचे एक वळण चुकले होते. या गडबडीत टॅक्सी चेकलिस्ट वाचली गेली नाही व पंखांचे फ्लॅप उघडायचे राहिले. धोक्याची सूचना देणाऱ्या यंत्रणेला वीजपुरवठा नसल्याने तीही मूक राहिली.

२० ऑगस्ट २००८ रोजी माद्रिद येथे स्पॅनएअरचे उड्डाण क्र. ५०२२ अशाच प्रकारे फ्लॅप न उघडता निघाले व १५४ जणांचा मृत्यू झाला. तांत्रिक दोषामुळे हे विमान एकदा धावपट्टीजवळून परत आणले गेले होते, त्यामुळे तयारीचा क्रम खंडित झाला होता.

स्टराइल कॉकपिट नियम

सप्टेंबर १९७४ मध्ये शार्लट येथे ईस्टर्न एअरलाइन्सचे विमान उतरताना कोसळले. त्या वेळी वैमानिक अवांतर गप्पा मारत होते, असे तपासात आढळले. अशा घटनांनंतर १९८१ मध्ये अमेरिकेच्या संघीय विमानवाहतूक प्रशासनाने हा नियम लागू केला. टॅक्सी, उड्डाण व अवतरण यांच्या काळात, तसेच स्थिर उड्डाण वगळता १०,००० फुटांखाली, सुरक्षेशी संबंध नसलेले काम व संभाषण त्याने निषिद्ध ठरविले.

प्रचलित पद्धती

* चेकलिस्ट स्मरणावर न विसंबता वाचणे. एका वैमानिकाने विचारणे व दुसऱ्याने प्रत्यक्ष पाहून उत्तर देणे.
* चेकलिस्ट मध्येच थांबल्यास तसे मोठ्याने सांगणे. नेमकी जागा आठवत नसल्यास ती पहिल्यापासून वाचणे.
* निकडीचे नसलेले निरोप ‘थांबा’ असे सांगून पुढे ढकलणे.
* एक वैमानिक बाहेरच्या संभाषणात गुंतला असता दुसऱ्याने विमानावर लक्ष ठेवणे.
* मार्ग किंवा धावपट्टी बदलल्यास, आवश्यकतेनुसार विमान थांबवून नवी माहिती भरणे आणि संबंधित तपासणी पुन्हा करणे.