नांगर, टर्बो आणि कुंडलचा माळ

मोटारीला मोठा टर्बोचार्जर बसवू पाहणारा जाणता माणूस आधी दोन गोष्टी पाहतो: वाढलेला दाब इंजिनाचे पिस्टन सोसतील काय, आणि बिघाड झाल्यास दुरुस्त कोण करील? औंध संस्थानाचा औद्योगिक इतिहास वाचताना हेच प्रश्न आम्हांस उपयोगी वाटतात.

बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या कुंडलच्या माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभारला. त्याआधी बेळगावी त्यांनी घडवलेला लोखंडी नांगर शेतकऱ्यांनी सुरुवातीस नाकारला होता. लोखंडाने जमीन विषारी होते, या समजुतीकडे बोट दाखवून आपण सहसा थांबतो. हे स्पष्टीकरण अपुरे आहे. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्यावर नीट करी. ओतीव लोखंड त्याच्या हातचे नव्हते. म्हणजे त्या नकारात भीतीबरोबर हिशेबही असावा.

अशा ग्राहकाशी केवळ यंत्राने बोलता येत नाही. १९२० मध्ये याच किर्लोस्करवाडीतून शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढले. त्यातूनच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक घडले. मराठी नियतकालिकांच्या इतिहासाचे एक मूळ असे नांगराच्या तासात आहे, आणि वाङ्मयाच्या अभ्यासकाने तेथवर जावयास हवे.