गतिदर्शक काट्याची कुळकथा



गावात एखादी जुनी मोटार विकायला आली, की तिच्याभोवती चार माणसे जमतात. कुणी टायरवर पाय मारून पाहतो, कुणी बॉनेट उचलतो, आणि घेणारा माणूस दारातून आत वाकून काचेमागचा आकडा वाचतो. “फक्त बेचाळीस हजार चाललीय!” असे विकणारा सांगतो आणि व्यवहार ठरतो. पण त्या आकड्यावर आणि त्याच्या शेजारच्या काट्यावर विश्वास किती ठेवावा, हे कुणी विचारीत नाही. ते आज आपण विचारू. मात्र त्याआधी या काट्याची कुळकथा ऐकली पाहिजे. तो जन्मला कसा हे कळले, की त्याचा आजारही ओळखता येतो.

अंतर मोजण्याची युक्ती फार जुनी. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये व्हिट्रूव्हियस नावाचा स्थापत्यकार होऊन गेला. त्याने आपल्या ग्रंथात एका गाडीचे वर्णन केले आहे. तिचे चाक ४०० वेळा फिरले, की ५,००० फूट, म्हणजे एक रोमन मैल पुरा होई, आणि दातेरी चक्रांच्या योगाने एक खडा भांड्यात टपकन पडे. मुक्कामाला पोचल्यावर खडे मोजायचे, की झाले! आपल्या मोटारीतला आकडा म्हणजे हेच खडे.

पण वेगाचे काय? गाडी आत्ता, या घटकेला किती जोरात चालली आहे, हे खडे सांगू शकत नाहीत. त्याचा धागा सापडला तो एका प्रयोगशाळेत. १८२४ साली फ्रान्समधील आरागो या शास्त्रज्ञाला एक नवल दिसले. तांब्याची तबकडी फिरवली, की तिच्यावर टांगलेली चुंबकसूची, स्पर्शसुद्धा न होता, तिच्यामागून फिरू लागे. आता तांबे काही चुंबकाला चिकटत नाही. मग ही ओढ कसली? १८३१ साली इंग्लंडमध्ये मायकेल फॅरडे यांनी कोडे उलगडले. चुंबक आणि धातू एकमेकांजवळून सरकले, की धातूत विजेचे लहान लहान भोवरे उठतात, आणि तेच ही ओढ लावतात.

पुढे १८८८ साली, इस्त्रिया प्रांतातील योसिप बेलुशिच यांनी विजेवर चालणाऱ्या वेगमापकाचे पेटंट घेतले. पण मोटारीत घर केले ते दुसऱ्याच यंत्राने. १९०२ साली बर्लिनमध्ये ऑटो शुल्झ यांनी त्या विजेच्या भोवऱ्यांवर चालणाऱ्या गतिदर्शकाचे पेटंट घेतले. पुढच्याच वर्षी ब्रिटनच्या कायद्याने मोटारींना ताशी २० मैलांची मर्यादा घातली. म्हणजे काटा आता हौसेचा राहिला नाही, गरजेचा झाला.

आपल्याकडच्या जुन्या अँबॅसॅडर, कुर्ल्याच्या कारखान्यातल्या पद्मिनी, जुन्या जीपगाड्या, या सगळ्यांत हीच रचना. बरे का, एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या: काटा रस्ता पाहत नाही. त्याच्याकडे सांगावा येतो. गिअरबॉक्समधले लहान दातेरी चक्र तो सांगावा केबलीला देते. केबलीतली पिळाची तार फिरत फिरत तो मीटरपर्यंत आणते. तिथे ती एक चुंबक फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची हलकी वाटी असते, ती चुंबकामागे ओढली जाते, आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत जिथे समतोल होतो, तिथे काटा थांबतो. किलोमीटरचे आकडेही त्याच केबलीवर फिरतात.

मग आजार ओळखणे म्हणजे सांगावा कोणाच्या हातात अडला ते पाहणे. काटा आणि आकडे दोन्ही बंद? केबल तुटली किंवा निसटली, नाहीतर गिअरबॉक्समधले चक्र झिजले. मीटरमागची केबल सोडा. सपाट जागी, इंजिन बंद ठेवून आणि गिअर काढून, गाडी थोडी ढकला. ब्रेकवर एक माणूस बसलेला असू द्या. तारेचे चौकोनी टोक फिरले, तर दोष मीटरात. न फिरले, तर तार ओढून पाहा. तुकडाच हाती आला, तर तार तुटली. अखंड आली आणि टोकेही शाबूत असली, तर गिअरबॉक्सकडे जा.

आकडे फिरतात पण काटा निजलेला? मग दोष चुंबक, वाटी किंवा स्प्रिंग यांत. काटा चालतो पण आकडे थांबले? त्यांची दातेरी चक्रे गेली. काटा थरथरतो? बहुधा केबल कोरडी पडली आहे किंवा कुठे तरी करकचून वाकली आहे. ती सरळ वळणाने बसवा आणि तारेला ग्रीस द्या. पण वरच्या टोकाकडे ग्रीस लावू नका; ते मीटरात शिरले, तर नवे दुखणे.

सगळ्यात घातकी आजार मात्र न दिसणारा. काटा शांत असतो, आणि खोटे बोलतो. टायर वेगळ्या मापाचे घातले, गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीचा बसवला, चुंबक क्षीण झाला, की असे होते. काही जुन्या तबकड्यांवर तर मैल असतात. तिथला ४० म्हणजे ६४ किलोमीटर! तो ४० किलोमीटर समजून चालवाल, तर ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला सुमारे अडीचपट अंतर लागेल. गुरे आडवी येणाऱ्या रस्त्यावर याचा अर्थ काय, हे तुम्हांला सांगायला नको.

यावर औषध साधे आहे. मोकळ्या रस्त्यावर काटा एका आकड्यावर स्थिर ठेवा. शेजारच्या माणसाने घड्याळ धरावे, चालकाने नव्हे. किलोमीटरच्या एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत किती सेकंद लागले ते मोजा, आणि ३,६०० ला त्या सेकंदांनी भागा. काटा ४० दाखवीत असताना ७२ सेकंद लागले, तर खरा वेग ५० आहे. एकच दगड चुकीच्या जागी असू शकतो, म्हणून चारपाच वेळा मोजा.

शिक्षकमित्रांनो, हे गणित एसटीच्या खिडकीत बसून मुलेही करतील. भागाकार कशासाठी शिकायचा, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.

आणि तो बेचाळीस हजारांचा आकडा? केबल सुटलेली असेल तितके दिवस खडे पडलेच नाहीत. पाचच आकडी मीटर असेल, तर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. शिवाय आकडे मागे फिरवणारे हातही असतात. तेव्हा व्यवहाराआधी पायाखालच्या पेडलचे रबर पाहा. ते झिजून गुळगुळीत झाले असेल, तर आकड्यावर नव्हे, रबरावर विश्वास ठेवा.