नाईलचं पाणी, लाल लघवी आणि इजिप्तचा कॅन्सर

कॅन्सर म्हटलं की तंबाखू, दारू, आनुवंशिकता ही कारणं तुमच्या तोंडावर असतात. पण एखाद्या प्रदेशात कुठला कॅन्सर जास्त होणार, हे तिथले पाण्याचे पाट ठरवतात असं सांगितलं तर पटेल का? इजिप्तमध्ये ते घडलं आहे.

जगात बहुतेक ठिकाणी मूत्राशयाचा कॅन्सर साठी-सत्तरीतला आणि मुख्यतः सिगारेट ओढणाऱ्यांचा आजार. इजिप्तमध्ये मात्र विसाव्या शतकात तो पुरुषांमधला सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर होता. रुग्ण चाळिशी-पन्नाशीतले, बहुतेक शेतकरी. सूक्ष्मदर्शकाखाली गाठही वेगळी दिसे. इतर देशांत ती मूत्राशयाच्या नेहमीच्या अस्तरातून निघते. इथे ते अस्तरच बदलून त्वचेसारखं झालेलं असे आणि कॅन्सर त्यातून उगवलेला असे. याला स्क्वेमस प्रकार म्हणतात.

कारण होतं एक कृमी. 1851 मध्ये थिओडोर बिलहार्झ या तरुण जर्मन डॉक्टरला कैरोच्या कसर अल-ऐनी रुग्णालयात शवविच्छेदन करताना रक्तवाहिन्यांमध्ये हा जंत सापडला. त्याच्या नावावरून आजार 'बिलहार्झिया' झाला. शास्त्रीय नाव शिस्टोसोमा. आजार मात्र फार जुना. 1910 मध्ये रुफर यांना सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या ममींच्या मूत्रपिंडात या कृमीची अंडी मिळाली! नेपोलियनचे सैनिकही इजिप्तमधल्या मोहिमेत लाल लघवीने हैराण झाले होते. गावोगावी तर मुलाला लाल लघवी होणं म्हणजे तो वयात आला, असं समजलं जाई. इतकं ते नेहमीचं होतं.

1911 मध्ये कैरोतले पॅथॉलॉजिस्ट फर्ग्युसन यांनी मूत्राशयाच्या कॅन्सरचे चाळीस रुग्ण तपासून या दोन्हींचं नातं मांडलं. 1915 मध्ये लायपर यांनी गोड्या पाण्यातल्या गोगलगाईची भूमिका उलगडली. रुग्णाच्या लघवीतून अंडी पाण्यात जातात, त्यातली अळी गोगलगाईत वाढते, बाहेर पडते आणि पाण्यात उभ्या माणसाच्या कातडीतून आत शिरते. मग अंडी मूत्राशयाच्या भिंतीत अडकतात, वर्षानुवर्षं सूज राहते आणि त्या सुजेतून कॅन्सर. कॅन्सर संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 1994 मध्ये या कृमीला अधिकृतपणे कॅन्सरकारक ठरवलं.

आता पाटांकडे या. पूर्वी नाईलला पूर येई, शेतं भिजत, पूर ओसरला की पाट कोरडे पडत आणि गोगलगाई मरत. एकोणिसाव्या शतकात कापसासाठी बारमाही पाणी आलं. 1902 मध्ये अस्वानचं पहिलं धरण झालं, 1970 मध्ये मोठं धरण पूर्ण झालं. पाणी बारमाही झालं तशा गोगलगाईही बारमाही झाल्या. गंमत म्हणजे मोठ्या धरणानंतर त्रिभुज प्रदेशात मूत्राशयाचा कृमी मागे पडला आणि त्याचा आतड्यांत राहणारा भाऊबंद वाढला. दक्षिणेला जुनाच टिकून राहिला. एकाच देशात दोन नकाशे. (आपल्याकडेही 1950च्या दशकात रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाणारे असे रुग्ण आढळले होते, ही फार थोड्यांना माहीत असलेली गोष्ट.)

यापुढचा भाग आम्हा डॉक्टरांना बोचणारा आहे. 1950 पासून 1980च्या दशकापर्यंत इजिप्त सरकारने गावोगावी बिलहार्झियाविरुद्ध मोहीम चालवली. औषध टार्टार एमेटिक, शिरेतून, आठवड्याला एक अशी बारा-सोळा इंजेक्शनं. काचेच्या सिरिंजा पुरेशा न उकळता पुन्हा वापरल्या गेल्या. हेतू चांगला, औषधही काम करणारं. पण त्या सुयांतून हिपॅटायटिस सी लाखो लोकांत पसरला. त्या विषाणूचं तेव्हा नावही कुणाला माहीत नव्हतं, तो 1989 मध्ये ओळखला गेला. 2008 च्या पाहणीत 15 ते 59 वयातल्या सुमारे 15 टक्के इजिप्शियन लोकांच्या रक्तात त्याच्या खुणा मिळाल्या. इतकं प्रमाण जगात दुसरीकडे नव्हतं.

पुढे प्राझिक्वान्टेल ही तोंडाने घ्यायची गोळी आली, सुया थांबल्या. कैरोच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेत मूत्राशयाच्या कॅन्सरचा वाटा सुमारे 28 टक्क्यांवरून 12 टक्क्यांवर आला. त्यातही स्क्वेमस प्रकार कमी झाला आणि सिगारेटवाला नेहमीचा प्रकार वर आला. पुरुषांमधली पहिली जागा यकृताच्या कॅन्सरने घेतली.

2014 पासून हिपॅटायटिस सी बरा करणाऱ्या गोळ्या इजिप्तने स्वस्तात मिळवल्या. 2018-19 मध्ये सुमारे पाच कोटी लोकांची तपासणी झाली. विषाणू गेला, पण ज्यांचं यकृत आधीच आकसून कठीण झालं होतं त्यांचा कॅन्सरचा धोका पूर्ण जात नाही. म्हणून विषाणूमुक्त झालेल्या त्या रुग्णांनाही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफीसाठी बोलवावं लागतं.