पाणी साचणाऱ्या काळ्या जमिनीत सोयाबीनची उगवण : बियाण्यावरील लेपाचा उपयोग किती?

रेणापूर, लातूर, अहमदपूर भागातील भारी काळ्या जमिनीत पेरणीनंतर दोन-तीन दिवसांत मोठा पाऊस झाला, की सोयाबीन विरळ उगवते आणि दुबार पेरणीची वेळ येते. २०२० च्या खरिपात मराठवाड्यातून बियाणे न उगवल्याच्या तक्रारी एवढ्या आल्या, की मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. बियाणे निकृष्ट असू शकते. पण चांगले बियाणेही साचलेल्या पाण्यात कुजते.

बी का कुजते?

सोयाबीनची साल पातळ असते. कोरडे बी एकदम पाण्यात सापडले, की ते झपाट्याने पाणी ओढते, आतील पेशींची आवरणे फाटतात आणि साखर बाहेर झिरपते. त्यावर पिथियमसारख्या बुरशी वाढतात. दुसरे कारण प्राणवायूचे. जमिनीतील पोकळ्या पाण्याने भरल्या, की अंकुराचा श्वास कोंडतो. दोन दिवस पाणी साचून राहिले तरी उगवणीत मोठी घट येते.

लेप काय करतो, काय नाही

पॉलिमरचा पातळ लेप बियाण्यात पाणी शिरण्याचा वेग कमी करतो आणि बुरशीनाशक सालीला धरून ठेवतो. म्हणजे पहिल्या कारणावर थोडा इलाज होतो, दुसऱ्यावर नाही. शिवाय बियाणे रंगीत दिसले म्हणजे ते पाणी अडवणारेच असेल असे नाही. बरेचदा तो रंग फक्त औषध लावल्याची खूण असतो.

प्राणवायू देणारा लेपही आहे. जपानमध्ये चिखलणी केलेल्या रानात भाताच्या थेट पेरणीसाठी बियाण्यावर कॅल्शियम पेरॉक्साइड चढवतात. ओलाव्यात त्यातून हळूहळू प्राणवायू सुटतो. पण भात मुळात पाण्यात तग धरणारे पीक आहे. सोयाबीनचे तसे नाही, त्यामुळे असल्या लेपाच्या भरवशावर सखल रानात पेरणी करू नये.

पेरणीपूर्वी

आपल्याच रानातील माती दोन कुंड्यांत भरावी. एकीत लेपाचे, दुसरीत साधे असे मोजून ५०-५० दाणे पेरावेत, एक दिवस पाणी तुंबवून मग निचरा करावा. आठवड्याने रोपे मोजली, की जादा पैसे मोजायचे का ते कळते. घरच्या बियाण्याची उगवणक्षमता ७० टक्क्यांच्या खाली असेल तर ते पेरणीसाठी वापरू नये.

घरच्या बियाण्यास कार्बोक्सिन ३७.५ टक्के + थायरम ३७.५ टक्के हे मिश्र बुरशीनाशक किलोला ३ ग्रॅम लावून सावलीत सुकवावे, रायझोबियम पेरणीच्या थोडे आधी लावावे. हाताने जोरात चोळू नये, साल निघते. कंपनीने औषध लावून दिलेल्या पिशवीवरील मजकूर वाचावा. तेच औषध पुन्हा लावू नये.

खरा आधार निचऱ्याचाच. ७५ ते १०० मि.मी. पाऊस होऊन वाफसा आल्यावर बीबीएफ यंत्राने रुंद वरंब्यावर, ३ ते ४ सें.मी. खोलीवर पेरावे. बी वरंब्यावर राहते, जादा पाणी सरीतून निघून जाते. मात्र सरीचे तोंड बांधाला अडत असेल तर वरंब्याचा काही उपयोग नाही. ते आधी फोडून ठेवावे.

पाणी साचलेच तर

चर काढून पाणी लगेच काढावे. वर पापडी धरली असेल तर ती हलकेच फोडावी. मोडणीची घाई करू नये. आठ दिवसांनी पाच-सहा ठिकाणी ओळीतील एक मीटर मोजावे, ५ सें.मी. अंतराने तेथे २० रोपे अपेक्षित असतात. निम्म्याहून अधिक सारखी उगवली असतील, तर नांग्या भराव्यात. मोकळ्या जागेत सोयाबीन फांद्या करते.